जिबरेलिक ॲसिडची पूड: रानटी औषधी बियांसाठी कितपत उपयोगी?

पिकांच्या बियांमधली सुप्तावस्था, म्हणजे ओल मिळूनही न रुजण्याची स्थिती, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून बरीचशी घालवली आहे, पण रानटी औषधी वनस्पतींच्या बियांमध्ये ती शाबूत असते. ती मोडण्यासाठी मिळणारी जिबरेलिक ॲसिड, म्हणजेच जीए-३, या वनस्पतींची वाढ घडवणाऱ्या संजीवकाची पूड मी सायडेरायटिस या वनस्पतीच्या बियांवर वापरली आणि तिथे तिने चोख काम केले. ग्रीस आणि बाल्कन प्रदेशातल्या खडकाळ उतारांवर वाढणाऱ्या व चहासाठी खुडल्या जाणाऱ्या या वनस्पतीचे बी साध्या पाण्यात भिजवले, तर ते तुरळक आणि मागेपुढे रुजते. ५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०० भाग) द्रावणात २४ तास ठेवलेल्या बियांना मात्र ओल्या टिपकागदावर जवळजवळ एकाच वेळी पांढरे मोड आले.

पूड थेट पाण्यात टाकली तर ती नीट विरघळत नाही, वर तरंगते आणि भांड्याच्या कडेला गुठळ्या धरते. म्हणून ५० मिलिग्रॅम पूड आधी अल्कोहोलच्या काही थेंबांत विरघळवून मग पाणी घालून द्रावण १०० मिलिलिटर करावे. माहितीपत्रकात याचा उल्लेखच नाही, आणि सोबतचा चमचा एवढ्या कमी वजनासाठी निरुपयोगी आहे. मिलिग्रॅम मोजणारा काटा लागतोच. मात्रा जास्त झाली तर रोपे लांबट, फिकट आणि लुळी होतात. भाताची रोपे अशीच उंच व कमकुवत करणारा रोग बुरशीच्या स्रावामुळे होतो, हे जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले आणि त्यातूनच पुढे या संजीवकाचा शोध लागला, हे ठाऊक असले म्हणजे हात आखडता का ठेवायचा ते पटते.

माझी खरी हरकत वेष्टनावरच्या ‘सर्व बियाण्यांसाठी’ या दाव्याला आहे. ज्येष्ठमधाच्या बीचे कवच पाण्यालाच आत शिरू देत नाही, त्यामुळे ते द्रावणात भिजवूनही तसेच कडक राहते. त्याला आधी पॉलिश पेपरवर हलके घासावे लागते. कॅमोमाइलचे बारीक बी मातीत न पुरता वरच भुरभुरून ओल आणि उजेड दिला की उगवते, तिथे ही पूड वाया जाते. काही बियांची सुप्तावस्था थंडीनेच मोडते. त्यांतल्या काहींच्या बाबतीत ही पूड थंडीची जागा घेते, सगळ्यांच्या नाही. म्हणून थोडे बी ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ४ ते ५ अंश सेल्सिअसला काही आठवडे ठेवून पाहावे.

सायडेरायटिससाठी मी हीच पूड पुन्हा घेईन, मात्र सर्वांत लहान पाकीट, कारण तयार द्रावणाचा जोर हळूहळू उतरतो आणि प्रत्येक वेळी ते ताजेच करणे बरे.