पोटरीतल्या गोळ्यांसाठी घेतलेल्या इलेक्ट्रोलाइट टॅब्लेट्स: ५ पैकी अडीच स्टार

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पाण्यात टाकली की फसफसणाऱ्या या सोडियमसारख्या क्षारांच्या टॅब्लेट्स सगळ्यांच्या साधारण सारख्याच, ट्यूबचा रंग काय तो वेगळा. पोहायच्या टँकवर आमच्या सकाळच्या बॅचमध्ये निम्म्या लोकांच्या बॅगेत ही ट्यूब असते, त्यात मालवणला चिवला बीचवर डिसेंबरमध्ये समुद्रात पोहायची स्पर्धा असते ना, तिची तयारी करणारे तर तिच्याशिवाय पाण्यातच उतरत नाहीत, म्हणून मीपण मागवली. २० टॅब्लेट्स, साडेतीनशेच्या आसपास.

चव छान आहे हे आधी सांगते. लिंबू घ्या, संत्र्याच्या नादी लागू नका, लहान मुलांच्या तापाच्या औषधासारखं लागतं. पोहताना घाम येतो पण पाण्यात तो कळत नाही आणि तहानही लागत नाही, त्यामुळे काठावर चवीची बाटली असली की दोन घोट पोटात जातात, एवढा फायदा नक्की.

पण ट्यूबवर लिहिलंय क्रॅम्प्स, म्हणजे हेच गोळे, थांबवते, आणि मी घेतली ती त्याचसाठी, तर मार्क तिथेच कापले. शेवटच्या लेंथना (टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची फेरी) आणि भिंतीला पाय मारून टर्न घेतला की गोळा यायचा तो येतच राहिला. याचं कारण आमच्या कोचनी समजावलं ते पटलं. फ्रीस्टाइलची किक मारताना पाऊल सरळ मागे ताणलेलं असतं, म्हणजे पोटरीचा स्नायू आखूड झालेल्या अवस्थेतच राबत असतो, आणि दमलेला स्नायू असा आखूड असतानाच आवळला गेला की त्याला सैल सोडणारा सिग्नल कमी पडतो. नक्की कारणावर अजून वाद आहे पण स्पोर्ट्स मेडिसिनवाले बरेच जण आता दमलेल्या स्नायूकडेच बोट दाखवतात. आणि बघा ना, अंगातलं मीठच कमी पडलं असतं तर एकाच पायाची एकच पोटरी का धरते? शिवाय काहीही न पिता नुसता चवडा नडगीकडे ओढला तरी गोळा सुटतो.

बरं मिठाचंच म्हणाल तर लेबल वाचा. माझ्या ट्यूबवर एका टॅब्लेटमध्ये सोडियम ३०० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. केमिस्टकडे वीस-पंचवीस रुपयांना डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युल्याचं ओआरएसचं पाकीट मिळतं, त्यात लिटरला २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे मीठ आणि सायट्रेट मिळून अर्ध्या लिटरला साडेआठशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम. अर्थात ते जुलाबासाठी आहे, रोज टँकवर ढोसायला नाही, आणि बीपीवाल्यांनी तर दोन्हींच्या आधी डॉक्टरांना विचारा. मॅग्नेशियमच्या टॅब्लेट्सही तशाच, वयस्कर लोकांच्या क्रॅम्पवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही असं २०२० च्या कोक्रेन रिव्ह्यूमध्ये (झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) आहे.

बॅचमधले एक काका लोणच्याचा खार आणतात, आम्ही हसायचो. तर २०१० मध्ये अमेरिकेत खरंच प्रयोग झालाय, घोट्याजवळच्या नसेला विजेचे झटके देऊन पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत क्रॅम्प आणला आणि काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं, साध्या पाण्यापेक्षा पाऊण मिनिट लवकर सुटला. एवढ्यात मीठ रक्तात पोचणं शक्यच नाही, घशातल्या आंबट झणक्याने नसांना काहीतरी निरोप जात असावा असं म्हणतात. पण ते व्हिनेगरचं पाणी होतं, काकांचा खार कैरीचा, तेलकट.

मला फरक पडला तो फुकटच्या गोष्टींनी. उतरायच्या आधी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश वरखाली करायच्या, पहिल्या लेंथ अगदी निवांत, अंतर हळूहळू वाढवायचं, आणि किक मांडीतून मारायची, घोटा सैल. फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) लावणार असाल तर आखूड घ्या, लांब फिन्सनी पोटरीवर भलताच जोर येतो. आणि गोळा आलाच तर हातपाय झाडू नका, पाठीवर तरंगा, हात वर करून लाइफगार्डला बोलवा, जमलं तर बोटं धरून नडगीकडे ओढा, आणि सुटल्यावर लगेच स्प्रिंट मारू नका, परत येतो. टँकमध्ये निदान भिंत जवळ असते, विहिरीत नाहीतर धरणात एकट्याने जाऊच नका.

पोटरी एकाच पायाची सुजली, गरम लागली किंवा दुखणं दिवसभर राहिलं तर तो साधा क्रॅम्प समजू नका, सरळ डॉक्टरकडे जा. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांना गोळे जास्त येऊ शकतात, तेही विचारून घ्या.

तासभर भर उन्हात ओपन टँकमध्ये पोहत असाल तर टॅब्लेट घ्यायला हरकत नाही, चवीसाठी मी अर्धा स्टार जास्तच दिलाय. फक्त पावसाळ्यात ट्यूब बाथरूमजवळ ठेवू नका, झाकण नीट बसत नाही, माझ्या शेवटच्या चार तर आतल्या आतच चिकटून बसल्या आणि कस्टमर केअरने फोटो मागून घेतले ते घेतलेच, पुढे काही नाही.