सनरूफ राहू द्या, ईएससी आहे का ते सांगा

शोरूममधल्या पोरानं मला अर्धा तास सनरूफ दाखवलं. उघडून दाखवलं, मिटून दाखवलं, तोंडानं सांगितलं तरी उघडतं तेही दाखवलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो अशा मुलखात डोक्यावर काच घेऊन मी काय करू? मी विचारलं, "ईएससी कोणत्या व्हेरिएंटपासून मिळते?" ईएससी म्हणजे गाडी घसरून फिरायला लागली की तिला सावरणारी यंत्रणा. त्याला ठाऊक नव्हतं. आतून साहेब आले आणि "सगळ्यांत एबीएस आहे मॅडम" म्हणून मोकळे झाले. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, ती तर असणारच, एप्रिल 2019 पासून नव्या कारला ते सक्तीचं आहे. ईएससी वेगळी. ती मी शेवटी माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरांत शोधली, आणि वरच्या व्हेरिएंटचे जास्तीचे पैसे मोजले ते तिच्यासाठी.

मी गुरांची डॉक्टर, खासगी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातली खेडी फिरते. गाय अडली की फोन हमखास रात्रीच येतो. गाडीचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला गाडीबद्दल नाही, तिच्या ब्रेकमागच्या यंत्रणेबद्दल लिहायचं आहे. आणि ती चालते त्याच तत्त्वावर, गाडी कोणत्याही कंपनीची असो.

एबीएसची खरी परीक्षा आमच्याकडे ऑक्टोबरात होते. सोयाबीन निघालं की अर्धा डांबरी रस्ता खळं होतो. कडेला दगड मांडलेले, मधे दाणे पसरलेले, एखादी म्हातारी फावड्यानं ओढत बसलेली. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून दोन्हीकडची वाहनं जाणार. एकदा समोरून मोटारसायकल आली, तिच्यामागून ट्रॅक्टर बाहेर निघाला आणि माझी डावी चाकं दाण्यांवर गेली. मी ब्रेक दाबला. वाळलेलं सोयाबीन म्हणजे छर्रेच. पॅडल पायाखाली खडखडायला लागलं, बोनेटखालून घरघर आली. शेजारी बसलेला माझा मदतनीस ओरडला, "म्याडम, ब्रेक तुटला वाट्टे!"

तुटला नव्हता, काम करत होता. प्रत्येक चाकाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. बाकीची चाकं फिरताहेत आणि एखादं एकाएकी थांबायला आलंय असं दिसलं, की कंट्रोल युनिट त्या चाकाच्या ब्रेकचं तेलाचं प्रेशर सोडतं, चाक फिरू लागलं की पुन्हा देतं. सेकंदात अनेक वेळा. जुने ड्रायव्हर पायानं पंप करत ब्रेक मारायचे, पण पाय चारही चाकांना एकच हुकूम देतो. इथे दाण्यांवरच्या चाकाचा हिशेब वेगळा आणि डांबरावरच्या चाकाचा वेगळा. म्हणून थरथर जाणवली तरी पाय उचलायचा नाही, उलट दाबून धरायचा आणि गाडी जिकडे न्यायची तिकडे स्टिअरिंग वळवायचं. जाम झालेलं चाक कितीही वळवा, गाडी सरळच फरफटते. माझी वळली, ट्रॅक्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत गेली. मदतनिसाला हे समजावलं तर म्हणतो, "मंग पहिले काऊन नाही सांगतलं बाप्पा?"

मात्र गैरसमज नको. एबीएसमुळे गाडी लवकर थांबते असं सगळे धरून चालतात. सुट्या गिट्टीवर, मुरमावर उलटही होतं. जाम चाक पुढे मुरमाचा ढीग लोटत जातं आणि त्या ढिगालाच अडतं. फिरत्या चाकापुढे तो ढीग होत नाही, म्हणून गाडी थोडी पुढे जाते. एबीएस तुम्हाला वळण्याची संधी देतं, अंतर नाही. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं, ते तर कोणत्याही यंत्रणेला चुकवता येत नाही.

ईबीडीबद्दल थोडक्यात. मागे माझा कृत्रिम रेतनाच्या कामाचा नायट्रोजनचा कंटेनर, औषधांची खोकी, कधी कुणाची ढेपेची पोती. ओझ्याप्रमाणे पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी ईबीडी करतं. जाणवत काही नाही, आणि जाणवूही नये.

आता ईएससी, जिच्यासाठी पैसे मोजले. 1995 साली बॉश आणि मर्सिडीजनं ती पहिल्यांदा ईएसपी या नावानं आणली, पण गाजली 1997 मध्ये. स्वीडनमधल्या एका मासिकानं मर्सिडीजची छोटी ए-क्लास एल्क टेस्टला लावली. एल्क म्हणजे तिकडचं हरणाच्या कुळातलं अवाढव्य जनावर. ते अचानक रस्त्यात आलं असं समजून झटकन एकीकडे वळवायचं आणि लगेच परत आपल्या बाजूला घ्यायचं. गाडी उलटली. मग कंपनीनं त्या सगळ्या गाड्यांना ईएसपी बसवून दिली. आमच्याकडे ही टेस्ट रोही (नीलगायी) घेतात, रोज, फी न घेता. हरभऱ्यातून एक उडी मारून गेला म्हणून पाय ॲक्सिलरेटरवर ठेवावा, तर त्याच्यामागे दुसरा असतोच.

असाच दुसरा एका हिवाळी रात्री आला. रस्ता दवानं ओला होता. उजवीकडे काढली, परत डावीकडे घेतली, आणि मागचा भाग बाहेर फेकला जातोय हे पाठीला कळलं. तेवढ्यात पुढून कुणीतरी एका बाजूनं धरून ओढल्यासारखं झालं, इंजिनाचा जोर उतरला, मीटरवर वाकड्या रेषांचा गाडीचा दिवा फडफडला आणि गाडी सरळ झाली. मी तेव्हा ब्रेकला पायही लावलेला नव्हता. स्टिअरिंग किती वळवलंय हे एक सेन्सर सांगतो, गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय हे दुसरा. दोघांचं जुळलं नाही की ईएससी स्वतः एकाच चाकाला ब्रेक लावते. मागचा भाग फिरत असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक, आणि गाडी न वळता सरळच निघाली असेल तर प्रामुख्यानं आतलं मागचं. माणसाला एकाच चाकाचा ब्रेक मारता येत नाही, इतका साधा मुद्दा आहे.

हिल होल्डही सोबत आला. चिखलदऱ्याच्या घाटात बसच्या मागे थांबून निघताना गाडी मागे जात नाही, दोनेक सेकंद धरून ठेवते. छान आहे, पण आमचा मुलूख सपाट.

पावसाळ्यात मात्र हिचं आणि माझं जमत नाही. पांदण रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल टायरच्या खाचांत भरला की चाक गरगर फिरतं. ईएससीसोबतच्या ट्रॅक्शन कंट्रोलला वाटतं गाडी घसरतेय, म्हणून ते इंजिनाचा जोर काढून घेतं. बाहेर पडायला तर जोरच लागतो! तिथे बटण दाबून ते बंद करायचं आणि डांबरीवर आलं की परत चालू करायचं. टायर गुळगुळीत झाले असतील तर वरचं सगळंच फुकट. खाचांमधल्या खुणेपर्यंत, म्हणजे 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजले की कायद्यानंच बदलायचे. मी पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या आधीच बदलते.

देखभालीत एकच घोळ झाला. एबीएसचा दिवा लागला तो विझेना. अशा वेळी साधा ब्रेक लागतो, पण चाक जाम होण्यापासून राखण नसते, म्हणून दामटू नये. एका सर्व्हिस सेंटरनं अख्खं युनिट बदलायचं सांगितलं, आकडा ऐकून मी गाडी परत आणली. तालुक्याच्या इलेक्ट्रिशियननं मागचं चाक काढलं तर सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली. तूर घरात पडली की उंदीर गाडीत येतातच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दोन वर्षांनी बदलून घेते.

पाचपैकी चार. एक चिखलासाठी कापलेला नाही, त्या बंद करायच्या बटणासाठी कापलाय. ते उजव्या गुडघ्याजवळ, स्टिअरिंगच्या आड बसवलंय. रात्री पांदणीत, भर पावसात चाचपडत दाबायला जावं तर आधी हेडलाइटची उंची बदलते.