वॉकी-टॉकीचा सहा सेलांचा होल्डर: सेल निर्दोष, स्प्रिंग कमजोर

वॉकी-टॉकीच्या मूळ लिथियम बॅटरीऐवजी बसवायचा, सहा एए सेल मावणारा हा होल्डर ऐकण्यापुरता उत्तम आहे. परंतु ५ वॅटवर सलग बोलू लागले की तो इतका तापतो की मागच्या झाकणावर हात ठेववत नाही. चार्जिंगची सोय नसेल तेथे साधे सेल घालून सेट चालू ठेवता येणे, हा या वस्तूचा खरा उपयोग आहे आणि अडचणीच्या वेळी तो फार मोलाचा ठरतो. म्हणूनच होल्डर बाद करण्यापूर्वी उष्णता नेमकी कोठून येते, हे शोधणे मला आवश्यक वाटले.

पहिली शंका सेटवरच घ्यावी लागते. ५ वॅट प्रक्षेपित करणारा हँडसेट बॅटरीतून साधारण ११ वॅट ओढतो, आणि उरलेल्या शक्तीची उष्णता त्याच्या धातूच्या चौकटीत उतरते. होल्डर त्या चौकटीला चिकटूनच बसत असल्याने दोन्ही गोष्टी एकत्र तापल्यासारख्या वाटतात. बोलणे थांबताच होल्डर काढून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासल्या, तर फरक कळतो. सेट बंद असतानाही होल्डर गरम राहत असेल, तर मात्र सेल तत्काळ बाहेर काढावेत, कारण तेव्हा आत कोठेतरी शॉर्ट असतो. पुन्हा चार्ज करता येणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड एए सेलचे धातूचे कवच ऋण टोकाशी जोडलेले असते, त्यामुळे धन टोकाजवळचे वेष्टन फाटले आणि तेथे धन बाजूची पट्टी टेकली, तर तेवढेही पुरते; अल्कलाइन सेलचे कवच मात्र धन टोकाशी जोडलेले असते, त्यामुळे तेथे हाच धोका ऋण टोकाजवळ असतो.

या होल्डरमध्ये तसे काही आढळले नाही. तो फक्त पीटीटी (बोलण्यासाठी दाबून धरायचे बटण) दाबल्यावर तापतो, आणि तेही सेलच्या मध्यभागी नव्हे, तर स्प्रिंग असलेल्या टोकांना. स्प्रिंगा पातळ पोलादी तारेच्या असून वर केवळ निकेलचा मुलामा आहे. पोलादाचा रोध तांब्याच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असतो, शिवाय वेटोळ्यामुळे विजेला लांबचा मार्ग कापावा लागतो. एका स्प्रिंगचा, तिच्या टेकण्याच्या जागेसह, रोध ०.१ ओहम धरला आणि प्रवाह दीड अँपिअर असला, तर सहा स्प्रिंगांत मिळून ०.९ व्होल्ट खर्ची पडतात आणि सुमारे १.३५ वॅट उष्णता त्या इवल्याशा तारांत साठते. चार्ज करता येणाऱ्या सहा सेलांच्या एकूण ७.२ व्होल्टमधून एवढे गेले की सेलमध्ये पुरेशी शक्ती असूनही सेट ‘बॅटरी संपली’ असे दाखवतो. त्याहून गंभीर बाब अशी की अति तापलेली स्प्रिंग आपला ताण गमावते, सेलवरचा दाब कमी होतो, रोध आणखी वाढतो आणि होल्डर प्रत्येक वापरागणिक अधिकच तापू लागतो. ऐकताना प्रवाह याच्या अल्पांशाने असतो, त्यामुळे हा दोष तेव्हा लपून राहतो.

खातरजमा सोपी आहे. अँटेनाच्या जागी डमी लोड (प्रक्षेपणाची शक्ती हवेत न सोडता स्वतःत जिरवणारा रोधक) लावून पीटीटी दाबावे आणि मल्टिमीटरने प्रत्येक स्प्रिंगच्या दोन टोकांमधील व्होल्टेज पाहावे. जिथे आकडा इतरांपेक्षा मोठा दिसेल, ती स्प्रिंग दोषी. आधी सर्व टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत, कारण काही वेळा केवळ काजळी किंवा गळलेल्या सेलचा क्षारच अडथळा असतो. ते करूनही मी वापरलेल्या होल्डरची उष्णता कमी झाली नाही. शेवटी सेल काढून प्रत्येक स्प्रिंगच्या तळापासून माथ्यापर्यंत मऊ, बहुतंतू तांब्याची छोटी तार सोल्डर केली. स्प्रिंगला दबता यावे म्हणून तार थोडी सैल ठेवली आणि स्प्रिंगचा ताण जाऊ नये म्हणून सोल्डरिंग झटपट उरकले. त्यानंतर टोके जेमतेम कोमट होऊ लागली. उत्पादकाने सुरुवातीलाच हे करायला हवे होते. तारेच्या सहा तुकड्यांची बचत ग्राहकाच्या सुरक्षिततेपेक्षा मोठी नाही.

सेलची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध अधिक असल्याने दीड अँपिअरला ते स्वतःच तापतात. पूर्ण शक्तीसाठी निकेल मेटल हायड्राइड सेल वापरावेत आणि अल्कलाइन घातल्यास सेट कमी शक्तीवर ठेवावा. नवे-जुने सेल एकत्र करू नयेत. या होल्डरच्या पाठीवर मूळ बॅटरीप्रमाणे चार्जिंगच्या पट्ट्या आहेत, हा त्याचा सर्वांत धोकादायक दोष आहे: तो चुकून चार्जरवर ठेवला गेल्यास अल्कलाइन सेल गळू किंवा फुटू शकतात. त्या पट्ट्यांवर विद्युतरोधक चिकटपट्टी लावल्याशिवाय हा होल्डर कोणाच्या हाती देऊ नये, आणि सोल्डरिंग येत नसेल तर तो केवळ कमी शक्तीच्या वापरासाठीच घ्यावा.