एअर शॉक की कॉइल शॉक? एकाच सायकलवर दोन्ही वापरून

माउंटन बाइकच्या मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये दाबलेली हवा (एअर) असावी की पोलादी स्प्रिंग (कॉइल), या प्रश्नाचं उत्तर पूर्वी एका वाक्यात मिळायचं: चढ जास्त चढत असाल तर एअर, उतारासाठीच जगत असाल तर कॉइल. आता ते तितकं सरळ राहिलेलं नाही. एअर शॉक मऊ झालेत, कॉइल शॉक हलके झालेत, आणि १४० ते १६० मिलिमीटर ट्रॅव्हलची (चाक वर-खाली सरकण्याच्या अंतराची) सायकल घेणारा मधल्या मधे अडकतो. मीही अडकलो होतो. माझ्या १५० मिलिमीटरच्या सायकलवर आधी वर्षभर एअर होता, त्यानंतर आजपर्यंत कॉइल आहे. सायकल तीच, पायवाटा त्याच. माझ्याकडे डेटा नोंदवणारी यंत्रं नव्हती, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते हाताला आणि पायांना जाणवलेलं आहे.

आधी एअरच्या बाजूने, कारण ती बाजू कमजोर नाही. जुन्या एअर शॉकची मुख्य तक्रार म्हणजे सुरुवातीचा ताठरपणा. सील घट्ट असायचे, बारीक खडी सगळी पाठीत यायची. मुख्य हवेला उलट बाजूने ढकलून सुरुवात मऊ करणारे निगेटिव्ह चेंबर मोठे होत गेले तशी ती तक्रार बरीच मिटली. २०२३ मध्ये आलेल्या रॉकशॉक्सच्या व्हिविडमध्ये तर हवेचा डबा मोठा केलाच, शिवाय ट्रॅव्हलच्या सुरुवातीच्या टप्प्यात तेलाला वेगळी वाट करून दिली, म्हणजे डॅम्पर (तेलाने शॉकची हालचाल आवरणारा भाग) त्या भागात कमी अडवतो. असा शॉक डोळे मिटून चालवला तर कॉइल आहे की काय असं वाटावं. आणि उडी मारून खाली येताना हवा आपोआप कडक होत जाते, हा तिचा जन्मजात गुण. हवेची जागा कमी करणारा एखादा स्पेसर आत टाकला की शेवटचा टप्पा आणखी कडक. कॉइलला ही सोय नव्हती.

‘नव्हती’ म्हणतोय, कारण आता बऱ्याच अंशी आहे. ट्रॅव्हलच्या शेवटच्या भागात तेलाने वेग मारणारा हायड्रॉलिक बॉटम-आउट कॉइल शॉकमध्ये येऊ लागलाय, काहींत तो बाहेरून कमी-जास्तही करता येतो. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगही मिळतात, ज्या दाबाल तशा कडक होतात. फॉक्सच्या एसएलएससारख्या हलक्या पोलादी स्प्रिंगांमुळे वजनाची ओरडही कमी झाली. तरी फरक आहेच. साधारण तीनशे-चारशे ग्रॅम धरून चला. पहिल्या आठवड्यात सायकल उचलून खांद्यावर घेताना तो जाणवतो. चढताना मला पुढे कधी जाणवला नाही, पण मी शर्यतीत उतरत नाही हेही सांगायला हवं.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला तिच्याकडे येतो. ती म्हणजे प्रेशर.

शॉक पंप लावला की त्याच्या नळीत आधी शॉकमधलीच हवा शिरते. डबा लहान, त्यामुळे काटा लगेच खाली येतो. काल २०० पीएसआय (दाबाचं एकक) भरलं होतं, आज पंप लावल्यावर १८५ दिसतं. गळती आहे की नळीने घेतलं? बहुतेक वेळा नळीनेच घेतलेलं असतं. पंप काढताना फुस्स आवाज येतो, तोही नळीतल्या हवेचा. हे माहीत असूनही मी दर वेळी दहा-पाच पीएसआय इकडे-तिकडे करत बसायचो. हवा भरल्यावर शॉक सावकाश दाबत राहून दोन्ही चेंबरमधला दाब जुळवायचा. तो नीट जुळला नाही तर सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते, चुकीचा दिसणार.

त्यात तापमान. थंड पहाटे आणि तापलेल्या दुपारी तीच हवा तोच दाब देत नाही. ३० अंशांना २०० पीएसआय भरलेला शॉक ५ अंशांना अंदाजे १८२ वर येतो. वायूचा साधा नियम आहे. आणि लांब उतारावर शॉक गरम होतो तेव्हा उलटं होतं. डॅम्परमधलं तेल पातळ होतं, वर हवेचा दाब वाढलेला, म्हणून रिबाउंड, म्हणजे दबलेल्या शॉकचं परत उसळणं, भलताच जलद वाटायला लागतो. वरच्या वळणांवर जमिनीला चिकटून चाललेलं मागचं चाक खाली मुळांच्या पट्ट्यात पोहोचेपर्यंत उधळायला लागायचं. कॉइलमध्येही तेल तापतंच, ते कुणाला चुकलेलं नाही. पण पोलादाची स्प्रिंग तापली म्हणून जाणवण्याइतकी कडक होत नाही.

मला खरा त्रास व्हायचा तो पुढचा. उतार वाईट गेला की मला कळायचंच नाही की चूक माझी, रिबाउंडची, की हवेची. रिबाउंडची कळ एक क्लिक फिरवायचो, पुढच्या खेपेला फरक पडायचा, पण तो क्लिकमुळे पडला की ऊन वाढल्यामुळे, कोण सांगणार? वर्षभर मी सेटिंग करत होतो आणि शिकलो फार कमी. कॉइल बसवल्यावर तिसऱ्या-चौथ्या खेपेत रिबाउंड ठरलं आणि आजतागायत तिथेच आहे. आता चाक उधळलं तर माझे हात आखडले होते, एवढं एकच कारण शोधावं लागतं. ओल्या मुळांवरची पकड, खडकाळ उतारावर पायांना मिळणारी शांतता, हे सगळं कॉइलबद्दल नेहमी सांगितलं जातं आणि ते खरं आहे. पण माझ्यासाठी ते दुय्यम. रोज तीच सायकल हाती येणं, हे मुख्य.

देखभालीतही थोडं झुकतं माप तिकडेच. एअर कॅनची (हवेच्या डब्याची) सर्व्हिस साधारण पन्नास तासांनी करायची असते. कॉइलला एअर कॅनच नाही. डॅम्परची सर्व्हिस मात्र दोघांनाही लागते.

पुढच्या चाकाच्या फोर्कमध्ये मी हवाच ठेवली आहे. ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग बुडतो तिथे हवेचा वाढता कडकपणा कामाचा असतो, आणि नव्या फोर्कांत खालच्या पायांत साचलेली हवा सोडायची बटणं असतात, त्यामुळे उतारावर फोर्क कडक होत जाण्याचा त्रास तरी गेला. रॉकशॉक्सने २०२२ पासून बसवलेले बटरकप रबरी उशीसारखे बारीक कंप गिळतात. मागच्या शॉकला लिव्हरेजमुळे जेवढं सोसावं लागतं तेवढं फोर्कला लागत नाही, म्हणून तिथे हवेशी माझं भांडण नाही.

एअरच घ्या, असंही मी काहींना सांगेन. तुमच्या सायकलचा लिव्हरेज रेशो (चाकाच्या आणि शॉकच्या हालचालीचं प्रमाण) ट्रॅव्हलभर जवळपास सारखाच राहत असेल, तर साधी कॉइल वारंवार तळाला आदळेल आणि हायड्रॉलिक बॉटम-आउटही किती सांभाळेल सांगता येत नाही. निर्माता कॉइल चालेल म्हणतो का, ते आधी बघा. काही फ्रेमवर तो स्पष्ट मनाई करतो. सायकल दोघांत वाटून चालवणार असाल, किंवा कधी पाठीवर सामान लादून दिवसभर जाणार असाल, तर पंपाने दोन मिनिटांत जुळणारी हवा सोयीची. स्प्रिंडेक्ससारख्या स्प्रिंगमध्ये कडी फिरवून पाच-पाच पौंडांनी रेट (स्प्रिंगचा कडकपणा) बदलता येतो खरा, पण पट्टा मर्यादितच.

बाकीच्यांनी, निदान माझ्यासारखं एकट्याने आणि नेमाने चालवणाऱ्यांनी, कॉइलचा विचार जरूर करावा. फक्त स्प्रिंग मागवण्याआधी हेल्मेट, बूट, पाण्याने भरलेली बॅग सगळं चढवून वजन करा. माझी पहिली स्प्रिंग मी नुसत्या अंगाच्या वजनावर मागवली होती. सॅग ३५ टक्के आला, आणि स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी प्रीलोडची कडी दोन वेढ्यांपेक्षा जास्त आवळून तो भरून निघत नाही. ५० पौंड जास्त रेटची मागवली, तेव्हा कुठे २९ वर आला.