कादंबरीची सवय असताना कथा लिहायला घेतली : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी दोन कादंबऱ्या लिहिल्यात, पहिली साधारण ९०,००० शब्दांची, दुसरी त्याहून मोठी, दोन्हीत मिळून सात वर्षं गेली. मागच्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी कथा मागितली, ३,००० शब्द, जुलैअखेर द्या म्हणाले. मी लगेच हो म्हटलं, हिशोब असा की माझं एक प्रकरण ४,००० चं असतं म्हणजे कथा पाऊण प्रकरणाएवढी, पंधरा दिवसांत होईल. नाही झाली. जुलै संपला तेव्हा माझ्याकडे ११,००० शब्द होते आणि गोष्ट अजून सुरूच व्हायची होती. मग डिसेंबरपासून कादंबरी पूर्ण बंद ठेवून फक्त कथा लिहिल्या. आज सात पूर्ण आहेत, त्यातल्या दोन मला मनापासून कथा वाटतात.

सगळ्यात आधी वापरला तो एका बैठकीचा नियम. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पोने १८४२ साली हॉथॉर्न या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना मांडलेला, की अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, मध्ये न उठता वाचून होईल एवढीच कथा असावी, म्हणजे परिणाम तुटत नाही. मी तो दोन महिने फक्त लांबीचा नियम म्हणून पाळला, शब्द मोजत बसले, आणि तयार झाल्या त्या आक्रसलेल्या कादंबऱ्या. पाच पानांत तीन पिढ्या, नऊ नावं, दोन लग्नं. खरी सवय वेगळीच होती आणि ती कळायला मार्च उजाडला. कादंबरीवाल्याला 'हे पुढे बघू' म्हणायची सवय असते. एखादी आत्या पहिल्या प्रकरणात नुसती दारात उभी करायची, तिचं काय करायचं ते दहाव्या प्रकरणात ठरवू. कथेत दहावं प्रकरण येतच नाही, आत्या दारातच राहते आणि वाचणारा तिच्याकडे बघत बसतो.

ती ११,००० शब्दांची गोष्ट पिठाच्या गिरणीची होती. वडील गेल्यावर मुलगा गिरणी विकायला गावी येतो. मी त्यात वडिलांची भागीदारी, भावाभावांचं भांडण, थकलेलं वीजबिल, बहिणीचं लग्न सगळं घातलेलं, दगडाला टाकी कशी लावतात, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने परत खरबरीत कसा करतात, त्यावर दीड पान होतं. एप्रिलमध्ये तीच परत काढली आणि ठरवलं की फक्त एक दुपार ठेवायची, ज्या दुपारी मशीन न्यायला टेम्पो येणार आहे ती. तेव्हा एक म्हातारी डबा घेऊन येते, गिरणी बंद झालीय हे तिला माहीतच नाही, आणि नेहमीसारखं म्हणते, "ज्वारीवरच टाक बाबा, गव्हावर नको." आपल्याकडे ज्यांनी गिरणीत रांग लावलीय त्यांना हे लगेच कळेल, आधीच्या दळणाचं पीठ थोडं तरी आपल्यात येतंच म्हणून विचारावं लागतं. पण आता आधीचं दळणच नाहीये, मशीन चार दिवस बंद आहे, मुलगा काय उत्तर देणार. तिथे मला कथा सापडली. भागीदारी गेली, लग्न गेलं, टाकीच्या दीड पानातलं एक वाक्य राहिलं. शेवटी २,७०० शब्द झाले. पण कापलेलं वाया गेलं असं मी म्हणणार नाही, मुलगा उत्तर द्यायला एवढा वेळ का लावतो ते मला त्या ११,००० मुळेच माहीत होतं. म्हणून कादंबरीतून येणाऱ्याने सुरुवातीपासून आखडून लिहू नये असं माझं ठाम मत झालंय, आधी मोकळं लिहा, मग दुपार निवडा.

अर्थात एक दुपार हा काही कथेचा कायदा नाही. कॅनडाच्या कथालेखिका ॲलिस मन्रो, २०१३ चं नोबेल, त्यांच्या एकेका कथेत तीस-चाळीस वर्षं सहज जातात. वाचून मी भारावून तसं करायला गेले आणि परत तीन पिढ्यांवर आले. तो हात बसायला वेळ लागेल, सध्या दुपारच बरी.

न चाललेल्या गोष्टी. अलक, म्हणजे चार-पाच ओळींच्या अति लघु कथा, लिहून बघितल्या, महिनाभर रोज एक, लोक सराव म्हणून सुचवतात. मला त्यातून शेवटच्या ओळीत धक्का द्यायची सवय लागली, ती काढायला दुसरा महिना गेला. कादंबरीतून गाळलेलं प्रकरण कथा म्हणून वापरायचं, हेही नाही जमलं, कारण त्या माणसांबद्दलची माया आधीच्या दोनशे पानांत साठलेली असते आणि ती सोबत येत नाही. दीर्घकथा लिहायला सोपी गेली, पण तिथे मी जुन्याच सवयीने लिहीत होते, म्हणून थांबले.

दोन छोट्या गोष्टी मात्र फार कामाला आल्या. नाव फक्त तिघांना द्यायचं, बाकीचे म्हातारी, टेम्पोवाला, शेजारीण. आणि पूर्ण झालं की मोठ्याने वाचायचं, ते पण दुसऱ्या कुणासमोर. माझी जाऊ ऐकायला बसते, ती मध्येच फोन बघायला लागली की त्या जागी मी पेन्सिलने रेघ मारते, दहातल्या आठ वेळा तिथे मी काहीतरी समजावून सांगत असते. शेवटचा परिच्छेद तर जवळजवळ प्रत्येक कथेत गेला, कादंबरीत उपसंहार लिहून हात तसा वळलेला.

वेळेचं खरं सांगते, कादंबरीचे २,७०० शब्द मी चार दिवसांत लिहायचे, या कथेला पाच आठवडे लागले. आणि ज्याची तयारी नव्हती ते म्हणजे माणसं लवकर जातात. कादंबरीतली माणसं दोन-तीन वर्षं घरात असतात, भाजी निवडतानासुद्धा बोलतात. म्हातारी महिन्याभरात गेली, मला चार दिवस काही सुचलं नाही.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या कादंबरीची फाईल उघडली. पहिलं प्रकरण ४,००० चं व्हायचं ते १,९०० वरच संपलं, वाक्यं चांगली आहेत पण कुणाला बसायला जागाच नाही असं वाटतंय. ते आता सैल करतेय. गिरणीची कथा यंदा जुलैमध्ये त्याच अंकाला पाठवली, घेतलीय त्यांनी.