घरी रेड वाइन करायचं किट मागवलं आणि १४,७९८ रुपये घालवले, नाशिककरांनी तरी वाचा

मी हे तीन आठवडे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा अर्धंच माहीत होतं. आता लिहितेय कारण गेल्या आठवड्यात जे झालं ते शेवटी सांगते, आधी सगळं पहिल्यापासून.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. लहानपणापासून बागेत छाटणी, डिपिंग, थिनिंग सगळं बघितलंय, पण वाइन कशी होते ते कधी बघितलं नव्हतं. नाशिकला राहून, गंगापूर धरणाकडे जाताना येताना त्या वायनरीच्या बागा बघून मनात खूप वर्षं होतं की एकदा घरी थोडीशी करून बघावी, स्वतःपुरती. डिसेंबरमध्ये मोबाईलवर जाहिरात आली, "घरच्या घरी रेड वाइन, १० लिटर, ३० दिवसात". फोटोत पांढरा ड्रम, त्यावर एअरलॉक (गॅस बाहेर जाऊ देणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी नळी), मागे निळ्या टाइल्सची भिंत. पत्ता नाशिकचाच, गंगापूर रोडचा. गावातलाच माणूस आहे म्हणून मी जास्त चौकशी केली नाही, ही पहिली चूक.

किटचे ६,४९९. मी विचारलं की हे कायद्याने चालतं का, तर लगेच म्हणाला ताई स्वतःच्या वापरासाठी परवाना काढावा लागतो, तो आम्हीच काढून देतो, १,५०० द्या. दोन दिवसात व्हॉट्सॲपवर पीडीएफ आलं, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, माझं नाव, आधार नंबर. मला एकदम बरं वाटलं की चला, सगळं रीतसर होतंय. हे नीट लक्षात घ्या. आपल्याकडे राज्य उत्पादन शुल्क विभाग जो परवाना देतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन, तो मद्य पिण्याचा आणि जवळ बाळगण्याचा असतो. घरात मद्य बनवायचा परवाना तो नव्हे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि त्यात विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा आहे, वाइन काय नि स्वतःपुरतं काय, फरक पडत नाही. मला हे माहीत नव्हतं. त्याला पक्कं माहीत होतं.

पार्सल आलं. प्लॅस्टिकचा ड्रम, पाइप, काचेचा हायड्रोमीटर (द्रव किती दाट आहे, म्हणजे त्यात साखर किती, ते दाखवणारी नळी), तीन बाटल्या "रेड ग्रेप कॉन्सन्ट्रेट", आणि एका झिपच्या पिशवीत करडी पावडर, त्यावर पेनाने "वाइन यीस्ट" लिहिलेलं. बिल नाही, जीएसटी नंबर नाही, बाटलीवर अन्नपदार्थांच्या परवान्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी नंबर नाही. हे सगळं तेव्हा समोर होतं पण मी उत्साहात होते.

सांगितल्याप्रमाणे पाणी घालून १० लिटर केलं, हायड्रोमीटर सोडला तर १.०६० दाखवत होता. रेड वाइनसाठी साधारण १.०८० ते १.०९० पासून सुरुवात व्हायला हवी असं मी वाचलं होतं, म्हणून फोन केला, तर म्हणे पाऊण किलो साखर घाला. घातली. १.०८५ झालं. यीस्ट टाकलं, झाकण लावलं, एअरलॉकमध्ये पाणी भरलं. यीस्ट साखर खातं, त्याचं अल्कोहोल होतं आणि गॅस एअरलॉकमधून बुडबुडे काढत बाहेर पडतो, जसजशी साखर संपते तसतसा हायड्रोमीटरचा आकडा उतरतो आणि शेवटी १.००० च्याही खाली जातो. एक दोन दिवसात फसफसायला लागायला हवं.

काहीच झालं नाही. एक बुडबुडा नाही. मी रात्री सगळे झोपले की स्टोअररूममध्ये जाऊन ड्रमला कान लावून बसायचे. त्याला विचारलं तर म्हणाला नाशिकची थंडी आहे ताई, गुंडाळून ठेवा. ते पटलं पण, कारण थंडीत यीस्ट खरंच मंद होतं आणि आमच्या निफाडचा पारा हिवाळ्यात किती उतरतो ते मी कुणाला सांगायला नको. आईने दिलेली गोधडी ड्रमला गुंडाळली, बाजूला बल्ब लावला. नऊ दिवस झाले, आकडा १.०८५ चा हलला नाही. मग म्हणाला तुमच्या पाण्यात दोष आहे, इम्पोर्टेड एन्झाइम घ्या, १,८०० रुपये. तेही दिले. ते आलंच नाही.

मग दादाच्या ओळखीतले एक जण वायनरीच्या लॅबमध्ये काम केलेले आहेत, त्यांच्याकडे बाटलीत थोडं घेऊन गेले. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, ताई हे सरबत आहे, याच्यात प्रिझर्व्हेटिव्ह असणार. बाजारातलं सरबत टिकतं कारण प्रिझर्व्हेटिव्ह यीस्टला वाढूच देत नाही, आणि तुम्ही त्यातच यीस्ट टाकून वाट बघताय. मग त्यांनी दोन वाट्या घेतल्या. एकीत आमच्याच बागेतल्या काळ्या द्राक्षांची सालं चुरडून केलेलं पाणी, दुसरीत माझं किटवालं. दोन्हीत चिमूटभर खायचा सोडा टाकला. द्राक्षाचं पाणी बघता बघता जांभळट निळं, मग हिरवट झालं. माझं होतं तसंच लाल, लग्नातल्या सरबतासारखं. द्राक्षाचा खरा रंग सालीतला असतो आणि तो सोड्याने बदलतो, यात रंग बाहेरून घातलाय, म्हणाले. मला त्या वाटीकडे बघून रडू आलं, पैशासाठी नाही, घरी बाग असताना मी लाल पाण्याला गोधडी गुंडाळून बसले होते म्हणून.

घरी आल्या आल्या रिफंड मागितला. तो इतका गोड बोलला की काय सांगू. म्हणाला सगळे पैसे देतो, क्यूआर पाठवतोय, स्कॅन करून पिन टाका की जमा होतील. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, सातपूरला, रोज पैशाचेच व्यवहार बघते, तरी त्या क्षणी डोकं चाललं नाही. पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही, पिन फक्त आपले पैसे द्यायला लागतो. ४,९९९ गेले.

मी चिडून पोलिसात जाते म्हटलं तर त्याचा आवाजच बदलला. "मॅडम, घरात दारू तुम्ही बनवताय, तुमचा पत्ता आणि आधार आमच्याकडे आहे, एक्साइजला कळवू का?" मी फोन ठेवला आणि गप्प बसले. सासूबाईंना कळलं तर, सोसायटीत कळलं तर, नोकरीवर काही आलं तर. परवान्याचे १,५०० त्याने पैशासाठी घेतले नव्हते हो, आधार कार्ड हातात यावं म्हणून घेतले होते, हे मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे द्राक्षाचा व्यापारी माल उचलून पळून जातो, चेक वटत नाही, हे गावात बघितलेलं आहे. अण्णा एकदा त्यात बुडाले होते. पण ते दुसऱ्या दिवशी दहा शेतकऱ्यांना घेऊन पोलीस स्टेशनला गेले होते कारण त्यांना लपवायचं काही नव्हतं. माझं तोंड मात्र याने आधीच बंद करून ठेवलं होतं.

शेवटी सीबीएसजवळ (मध्यवर्ती बस स्टँड) कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या मावसभावाला सांगितलं. तो रागावला, पण म्हणाला कायदा तुला माहीत नव्हता हे खरं असलं तरी पुन्हा हे करायचं नाही, आणि मुळात ते आंबलेलंच नाही तर अल्कोहोल झालं कुठे, ओतून दे आणि तक्रार कर. मोरीत ओतलं तर टाइल्सच्या फटी लाल झाल्या त्या अजून तशाच आहेत, घासून गेल्या नाहीत. मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, ऑनलाइन तक्रार केली, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), स्क्रीनशॉट, ते खोटं पीडीएफ, सगळं दिलं. तीन आठवडे उशीर झाल्याने त्याच्या खात्यात काही उरलं नव्हतं. पैसे पुढे फिरवायच्या आत कळवलं तर अडवता येतात, म्हणून पहिल्या तासातच फोन करायचा असतो. गंगापूर रोडच्या त्या पत्त्यावरही जाऊन आले, तिथे मुलांचे क्लासेस आहेत, त्यांना कसलीच कल्पना नव्हती.

आणि गेल्या आठवड्यात वहिनीने एक जाहिरात पाठवली, घेऊ का म्हणून विचारत होती. नाव वेगळं, पत्ता पिंपळगाव बसवंतचा, किंमत ५,९९९. फोटोत तोच पांढरा ड्रम आणि मागे तीच निळ्या टाइल्सची भिंत.