‘साउंडप्रूफ’ हेल्मेटचे ७,८०० रुपये

सिंहगड रोडला राहणारा एक रायडर. महिन्यातून दोनदा बाइकवर पुणे–कोल्हापूर. साताऱ्यापर्यंत कान सुन्न व्हायचे आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात बारीक ‘कुंईऽऽ’ चालू. त्याला शांत हेल्मेट हवं होतं, आणि ते विकणारा माणूस शहरात लगेच सापडला. ‘इम्पोर्टेड, टूरिंग, साउंडप्रूफ. आत फक्त चाळीस डेसिबल.’ किंमत ७,८०० रुपये, बिलाच्या जागी ‘एस्टिमेट’ असं छापलेला कागद. पहिल्याच फेरीत खंबाटकी यायच्या आत त्याच्या लक्षात आलं की आवाज जुन्या हेल्मेटइतकाच आहे, कदाचित थोडा जास्तच. ते हेल्मेट आमच्या टेबलावर आलं तेव्हा आम्ही ते शेवटच्या पॅडपर्यंत सुटं केलं. त्यात काय निघालं आणि दुकानात तो कसा गंडला, हे इथे देतोय. दुकानाचं नाव देत नाही. तीच बतावणी आणि तसलाच माल असलेली दुकानं एकापेक्षा जास्त आहेत.

आधी त्या चाळीस डेसिबलचा निकाल लावू. चाळीस म्हणजे वाचनालयातली शांतता. शांत हेल्मेटसाठी जगभर नाव असलेली जर्मनीची शुबर्थ कंपनी आपल्या महागड्या सी५ मॉडेलबद्दल ताशी १०० किलोमीटरला ८५ डेसिबलचा दावा करते, आणि तोही त्यांच्या विंड टनेलमधला. साध्या फुलफेस (हनुवटीसकट पूर्ण चेहरा झाकणाऱ्या) हेल्मेटमध्ये त्याच वेगाला शंभराच्या आसपास आवाज असणं नेहमीचंच. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत आपण कात्रजचा बोगदासुद्धा ओलांडत नाही.

आता दुकानातली जादू. गिऱ्हाईकाच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचं, काच बंद करायची आणि शेजारी ब्लूटूथ स्पीकरवर हॉर्नचा आवाज लावायचा. आवाज दबतो. गिऱ्हाईक खूष. मग मोबाइलवर डेसिबलचं अ‍ॅप उघडून फोनच हेल्मेटमध्ये सरकवायचा आणि खाली घसरणारा आकडा दाखवायचा. या प्रयोगात खोटं काहीच नाही, फक्त तो भलत्याच आवाजाचा आहे. स्पीकरचा, टाळीचा, माणसाच्या बोलण्याचा आवाज वरच्या पट्टीतला असतो आणि जाड फोम तो सहज गिळतो. वाऱ्याचा आवाज प्रामुख्याने खालच्या पट्टीतला, घुमणारा. शिवाय तो बाहेरून आत ‘येत’ नाही, हेल्मेटवर आदळून फाटलेल्या हवेतून तिथल्या तिथेच तयार होतो. उभ्या हेल्मेटला वारा नाही, म्हणून आवाजही नाही. वेग दुप्पट झाला की हा आवाज साधारण १८ डेसिबलने चढतो, त्यामुळे लक्ष्मी रोडच्या संथ गर्दीत सगळीच हेल्मेटं शांत असतात. दुकानात शांतता ‘ऐकवून’ देणारा विक्रेता भेटला की तिथेच सावध व्हा. दुकानात तपासता येतं ते फक्त मापाचं बसणं, काचेचं सील आणि खालची फट.

त्या हेल्मेटच्या आत पाहू. गालाचे पॅड टचबटणांवर असतात. ते ओढून काढले तर मागे काळी, चिकट, वरून अ‍ॅल्युमिनियमचा कागद असलेली शीट निघाली. गाडीच्या दारांच्या पत्र्याला लावतात तीच ब्युटाइल शीट. पत्रा थरथरायचा थांबावा म्हणून ती असते. हेल्मेटच्या कवचात पत्र्यासारखी थरथर नसतेच, तेव्हा तिचा उपयोग शून्य. वजनकाट्यावर मात्र ती दिसली: हेल्मेट १,८४० ग्रॅम. चांगली फुलफेस हेल्मेटं साधारण १,४०० ते १,६०० ग्रॅममध्ये बसतात, आणि वाढलेले हे दोन-चारशे ग्रॅम कोल्हापूरपर्यंत मानेनेच वाहायचे असतात.

पण खरा राग यावा अशी गोष्ट शीटच्या खाली होती. शीट मावावी म्हणून कानाजवळचा ईपीएस, म्हणजे थर्माकोलसारखा दिसणारा आतला थर, कटरने कोरलेला होता. अपघातात डोक्याला बसणारा मार शोषून घेतो तो हाच थर. चिरडून जाणं हेच त्याचं काम. कवच नुसतं आघात पसरवतं. कोरलेल्या जागी चिरडायला काही उरतच नाही. ‘सायलेंट किट बसवून देतो’ म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात हेल्मेट देऊ नका, मग किट फुकट असलं तरी.

वरचे व्हेंट, म्हणजे हवा खेळायची भोकं, आतून स्पंजने बुजवलेले. शिट्टी थांबते खरी, पण पावसाळ्यात ताम्हिणीत काच आतून धुक्याने भरते आणि माणूस काच उघडून चालवतो. मग आवाज आणि पाणी दोन्ही आत. साइजचं स्टिकर नखाने उचललं तर ‘एल’च्या खाली ‘एक्सएल’ होतं. ढगळ हेल्मेट जाड पॅड घालून गालांवर घट्ट केलेलं, डोक्यावर मात्र सैल. सैल हेल्मेट वाऱ्यात डुलतं, खालून हवा घेतं आणि जास्त आवाज करतं. आवाज का वाढला, याचं निम्मं उत्तर इथेच होतं.

खुणांची गंमत त्याहून मोठी. मागे कवचावर चकचकीत ‘ईसीई’ (युरोपातली सुरक्षा-मंजुरी) स्टिकर, शेजारी ‘डॉट’चंही (अमेरिकेतली). खरं ईसीई लेबल बहुतेक वेळा हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेलं असतं: वर्तुळात ई आणि देशाचा आकडा (१ जर्मनी, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ९ स्पेन), खाली मंजुरीचा क्रमांक. तो ०५ किंवा नव्या नियमात ०६ ने सुरू होतो. पुढे तिरकी रेघ आणि पी म्हणजे हनुवटीचं संरक्षण आहे, त्यानंतर त्या हेल्मेटचा उत्पादन क्रमांक. इथे वर्तुळातल्या ई शेजारी आकडाच नव्हता. आयएसआयबद्दल विक्रेत्याचं म्हणणं, ‘इम्पोर्टेडला ते लागत नाही.’ साफ खोटं. १ जून २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, माल कुठलाही असो. तरीही कोपऱ्यात एक छोटं आयएसआय स्टिकर होतंच, म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त. चिन्हाच्या वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. आयएसआय चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये हा क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, कुठल्या वस्तूसाठी परवाना आणि तो चालू आहे की नाही, हे सगळं दिसतं. या हेल्मेटवरच्या क्रमांकावर भलत्याच कंपनीचं नाव निघालं. नुसतं ‘रेकॉर्ड सापडलं’ म्हणून खूष होऊ नका. हेल्मेटवरचा ब्रँड आणि अ‍ॅपमधलं नाव जुळतंय का ते पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे देण्याआधी दुकानातच उरकावं.

१ जानेवारी २०१९ ला पुण्यात हेल्मेटसक्तीची कडक कारवाई सुरू झाली तेव्हा चौकाचौकांत हेल्मेटं टांगली गेली. तो माल दंड चुकवण्यासाठी होता आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. आताची फसवणूक वेगळी: जास्त पैसे मोजायला तयार असलेल्या, काळजी घेणाऱ्या माणसालाच ती गाठते.

मग आवाज कमी कसा करायचा? आधी तो कुठला ते ओळखा. बारीक शिट्टी असेल तर काचेचं सील किंवा व्हेंट. सलग घुमणारा घोंघाट असेल तर हनुवटीखालची आणि मानेजवळची फट. आणि डोकं हलवणारी भद्द-भद्द असेल तर दोष हेल्मेटचा नाहीच, बाइकच्या विंडस्क्रीनवरून उडालेली फाटकी हवा नेमकी हनुवटीवर येतेय. ते तपासायला मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ७०–८० ला स्थिर राहून फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) किंचित उठा, मग थोडं वाका. उठल्यावर आवाज एकदम स्वच्छ आणि एकसुरी झाला तर स्क्रीन दोषी. या रायडरच्या बाइकवर बाजारातून बसवलेली आखूड, काळी स्क्रीन होती. ती काढून फक्त मीटरवरचं मूळ कव्हर ठेवल्यावर भद्द-भद्द थांबली. खर्च शून्य. जगातलं कुठलंही हेल्मेट त्याला ही शांतता देऊ शकलं नसतं. उंच स्क्रीन लावायचीच असेल तर ती हवा हेल्मेटच्या वरून काढेल इतकी उंच हवी. मधलीअधली सगळ्यात वाईट.

शिट्टीसाठी कागदाची पट्टी घ्या. काच आणि रबराच्या मध्ये धरून काच बंद करा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. एखाद्या जागी सुळकन निघाली तर तिथून हवा जाते. बऱ्याच हेल्मेटांत काचेच्या बाजूच्या प्लेटचे स्क्रू लांबट खाचेत असतात. ते सैल करून प्लेट किंचित मागे सरकवली की काच रबरावर बसते. रबराला सिलिकॉन तेलाचा थेंब लावा. पेट्रोल किंवा थिनर कधीच नाही.

घोंघाटासाठी हनुवटीखालचा पडदा आणि गळ्यात कापड. इथे पुणेकरांना शिकवायची गरज नसावी, स्कार्फ ही आपली शोधलेली वस्तू आहे असं अर्धं शहर मानतं. मात्र स्कार्फ गळ्यात हवा. डोक्यावर गुंडाळून वर हेल्मेट घातलं की माप बिघडतं. टोकं जाकिटाच्या आत. फडफडणारं टोक आवाज करतं आणि चाकात किंवा चेनमध्ये जाण्याची भीती वेगळी.

माप घेताना टेप भुवयांच्या जरा वर आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. आपल्याकडे ५८० मिमी म्हणजे बहुधा एम, ६०० म्हणजे एल. पण कंपनीचा तक्ता पाहा. घातल्यावर हेल्मेट हलवलं तर गालांची कातडी सोबत हलली पाहिजे. पट्टा आवळून मागच्या कडेला धरून पुढे ढकला. निघालं तर नकोच. आणि वीस मिनिटं घालून दुकानातच बसा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे. कपाळावर एकाच जागी लाल वळ उठला तर माप बरोबर असूनही आकार तुमच्या डोक्याचा नाही.

एवढं करूनही हायवेवर कानासाठी फोमचे इअरप्लग लागतातच, आणि पैशाच्या मानाने त्यांच्याइतकं काम दुसरं काहीच करत नाही. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत तीस-चाळीस सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धवट लावलेला प्लग, पाकिटावर आवाज किती कमी होईल याचा जो आकडा असतो, त्याच्या निम्मंही काम करत नाही. हॉर्न तरीही ऐकू येतो, कारण वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच दबतात. शहरात शिरताना मात्र काढा. मळलेले फेकून द्या, धुऊन वापरू नका. घोंघाटावर मात करायला ब्लूटूथवर गाणी मोठ्याने लावणं म्हणजे शंभरावर आणखी भर.

पैशांचं काय झालं? विक्रेत्याने परतावा नाकारला, ‘बदलून देतो’ म्हणाला आणि त्याच ढिगातलं दुसरं पुढे केलं. एस्टिमेटवर जीएसटी क्रमांक नव्हता, पण यूपीआयची पावती आणि ‘ओरिजनल आयएसआय आहे सर’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता. तेवढ्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदली आणि खोट्या चिन्हाची वेगळी तक्रार बीआयएस केअर अ‍ॅपमधूनच गेली. स्टिकर, पट्टा, कोरलेला ईपीएस, वजनकाटा यांचे फोटो काहीही उचकटण्याआधी काढा. आम्ही साइजचं स्टिकर आधी उचललं आणि मग कॅमेरा घेतला, ते चुकलं. तक्रार मिटेपर्यंत हेल्मेट पुरावा म्हणून कपाटात ठेवा. नंतर भंगारात देताना पट्टा दोन्ही बाजूंनी मुळापासून कापा आणि काच काढून टाका. नाहीतर आठवड्याभरात तेच हेल्मेट पुसून, नवं स्टिकर लावून सर्व्हिस रोडच्या दोरीवर लटकलेलं दिसेल.